मार्गरेटची जागा

विभावरीचं घर मुळात दुसऱ्या कुणाच्या तरी परसात उभं होतं. न्यूझीलंडमधल्या लोअर हटजवळच्या त्या चिमुकल्या किनारवस्तीत एकेका घराभोवती ऐसपैस जागा असे. अशाच एका जागेचा मागचा भाग तोडून दोन घरं बांधली, त्यांतलं एक २०१३ साली तिने आणि शिरीषने घेतलं. शेजारच्या सत्तरीतल्या मार्गरेटने पहिल्याच दिवशी लिंबं आणून दिली होती.

म्हणूनच चार वर्षांनी तीच मार्गरेट दारात येऊन म्हणाली, "शनिवारी हॉलमधल्या सभेला ये. कोपऱ्यावर आठ घरं बांधतायत. फार गर्दी होतेय इथे," तेव्हा विभावरीला नवल वाटलं.

"त्या गर्दीत आम्हीपण आलो ना?"

"छे, तुम्ही वेगळे," मार्गरेट सहज म्हणाली.

सभेत तर विभावरी आणखीच गोंधळली. कुणी म्हणे, माणसं वाढली, गाड्या लावायला जागा नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलं घटली, एक वर्ग बंद करावा लागतोय. आणि दोन्ही खरं होतं. विभावरी तिथल्याच फार्मसीत कामाला होती. पूर्वी ज्या घरात पाच जणांची औषधं जात, तिथे आता एकटी म्हातारी उरली होती. समुद्राकडची कितीतरी घरं फक्त सुट्टीत उघडत.

"विरोधात असतील त्यांनी हात वर करा," असं अध्यक्षांनी म्हटल्यावर मार्गरेटने तिच्याकडे पाहिलं. विभावरीचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"मग मोजला का तुझा हात?" घरी शिरीषने विचारलं.

"काय माहीत."

कोपऱ्यावर घरं झालीच. पुढच्या हिवाळ्यात मार्गरेट घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. एवढी बाग काही तिला झेपेना. तिने जागा बिल्डरला विकून टाकली.

"आणि ती सभा?" विभावरीने विचारलं.

"तेव्हा मला चालता येत होतं," मार्गरेट म्हणाली. "पण मी कुठे जात नाहीये. इथे सहा घरं होतील, त्यांतलं तळमजल्याचं माझं."

२०१९ मध्ये भिंती चढू लागल्या. भाड्याच्या खोलीतून मार्गरेट फोन करून विचारायची, "कुठवर आलं?"

विभावरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायची. तिथून दिसणारी समुद्राची पट्टी एव्हाना निम्मी झाकली होती.

"छान होतंय," ती सांगायची. म्हातारी परत येणार याचा तिला खराच आनंद होता. मग फोन ठेवल्यावर आपण अशा चिडलेल्या का असतो, हे तिला उमगत नसे.