हिरव्या दोऱ्याची पिशवी

पिशव्या लोकांच्या घरी नेऊन द्यायच्या, ही अक्कल जितेंद्रचीच. कुणी मागितली होती त्याला? त्या उन्हाळ्यात मनीषनगर-बेसा भागात घरोघरी पगार थांबले. चर्चमधलं रविवारचं अर्पण अर्ध्यावर आलं. पाळकसाहेबांनी आपला पगार निम्मा करून घेतला, मागचा हॉल शिकवणीवाल्यांना भाड्यानं दिला, झाडूपोछा करणाऱ्या माणसाला हात जोडून निरोप दिला, आणि एवढं करून म्हणाले, शिधा मात्र थांबवायचा नाही. ज्याची नोकरी गेली त्याच्या घरी दर शनिवारी एक पिशवी जाईल. तांदूळ, तूरडाळ, तेल, गूळ. मग तो आपल्या मंडळीतला असो की शेजारचा.

तेव्हा हा कमिटीत उठून म्हणाला, "पाळकसाहेब, लोकायले दारात रांगेत नका उभं करू. लाज वाटते माणसाले. मी देतो न नेऊन गाडीवर. नावं तुम्हाले अन् मले ठाऊक, तिसऱ्याले नाही."

सगळ्यांना पटलं. म्हाताऱ्या जनाबाईंनी चर्चच्या जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवल्या. पांढरा दोरा संपला म्हणून हिरव्यानं शिवल्या. जितेंद्र शनिवारी अकरा घरी जायचा, पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवायचा आणि चहाला न थांबता निघायचा. लोक त्याला फार मानायला लागले.

आणि ऑगस्टमध्ये जितेंद्रचीच नोकरी गेली.

कळमेश्वरच्या फाउंड्रीत सतरा वर्षं काढली होती त्यानं. एका दुपारी चाळीस जणांना बोलावलं, हातात कागद दिला, झालं. कारखाना चालूच होता, फक्त हे चाळीस नको होते. घरी सांगायचं ठरवूनच तो आला होता. पण दारातच बायको, दामिनी, म्हणाली, "तुमची नोकरी आहे म्हणून बरं बाई, नाहीतर आपल्या मयुरीच्या कॉलेजचं कसं झालं असतं?" याचं उघडलेलं तोंड मिटलं. उद्या सांगू म्हणाला. असल्या कामाला उद्याचा दिवस कधी बरा असतो का? दुसऱ्या दिवशी दामिनीनं डबा भरून दिला आणि हा बावळट तो घेऊन निघाला.

जायचं कुठं? चर्चच्या मागच्या खोलीत. पाळकसाहेबांना सांगितलं, रात्रपाळी लागली, दिवस मोकळा आहे. ते बिचारे खूश. जितेंद्र झाडू मारायचा, बाकं पुसायचा, शिधा भरायचा, दुपारी त्याच खोलीत डबा खायचा आणि सहा वाजता घरी जायचा. पाळकसाहेबांनी दोनदा उपासनेत त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. त्या दोन्ही वेळा त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. आता कुठल्या तोंडानं सांगणार? महिनाभर आधी एक शब्द पुरला असता. आता त्या शब्दामागं रोजचा डबा होता, रात्रपाळी होती आणि ते कौतुक होतं. साठवलेले पैसे तर केव्हाच संपत आले होते.

दिवाळीच्या आधी अकरांपैकी एकजण, बाबनराव, बिऱ्हाड उचलून गावी निघून गेले. त्यांची पिशवी उरली. जितेंद्रनं ती परत नेली नाही. घरी आणली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "कंपनीनं दिवाळीची भेट दिली."

दामिनीनं पिशवी उलटसुलट करून पाहिली. "बरी आहे वं माय तुमची कंपनी," म्हणाली, आणि पिशवी वरच्या फळीवर ठेवून दिली.

तिथंच राहिली ती. घरातलं वरण दिवसेंदिवस पातळ होत गेलं, तरी दामिनीनं पिशवी उघडली नाही. ‘उघड’ असं तिला म्हणायची जितेंद्रची हिंमत नव्हती. जेवताना तो फळीकडे पाहायचा आणि मान खाली घालायचा. चोरी करून आणलेली डाळ, आणि तीही पोटात जाईना.

नोव्हेंबरात कापणीचा सण आला. या सणाला जो तो घरचं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवतो. भोपळे, अंडी, लोणच्याच्या बरण्या, कोंबडीसुद्धा. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसा चर्चला जातो. यंदा पाळकसाहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, या लिलावावर पुढच्या चार महिन्यांचा शिधा आहे. लिलाव पुकारायचा मान दरवर्षी जितेंद्रचा, कारण आवाज खणखणीत.

भोपळा बेसाच्या अभिजीतनं घेतला, तीन हजारांना. प्लॉटचा धंदा करणारा माणूस, त्याचं अजून बरं चाललं होतं. अंडी गेली, बरण्या गेल्या. जितेंद्रनं पुढची वस्तू उचलायला हात घातला आणि हाताला जुन्या पडद्याचं कापड लागलं.

फुलाफुलाचं कापड, हिरवा दोरा. त्यानं समोर पाहिलं. तिसऱ्या बाकावर दामिनी बसली होती, पदर सावरून, सरळ त्याच्याकडे पाहत. ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या घरची आहे. ह्यांच्या कंपनीनं दिली दिवाळीले."

शिध्याची पिशवी मिळणाऱ्या घरांपैकी आठ घरं तिथं बसली होती. आठही घरांनी ती पिशवी ओळखली, आणि ओळखतो असं एकालाही म्हणता येत नव्हतं. माना खाली गेल्या. अभिजीत फोनमध्ये डोकं घालून बसला होता. जितेंद्रच्या एका हातात माईक होता आणि दुसऱ्या हातात पिशवी.

"एक्कावन्न," जनाबाई घाईघाईनं म्हणाल्या. बिचारीला पिशवी लवकर नजरेआड करायची होती.

"पाचशे एक," दामिनी म्हणाली. "पाळकसाहेब, ह्यांच्या पगारातून देईन. सात तारखेले होते न पगार."

पाळकसाहेब वहीत बोली लिहीत होते, त्यांनी वर न पाहताच हसून मान हलवली. जितेंद्रच्या खिशात एकशे चाळीस रुपये होते. कुणीतरी पुढे बोली लावावी, कुणीही, म्हणून त्यानं बाकांवरून नजर फिरवली. कुणी डोकं वर केलं नाही. दामिनी तेवढी पाहत होती.

"पाचशे एक, एक वार," तो म्हणाला. थांबला.

"पाचशे एक, दोन वार."

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर शिकवणीवाल्यांच्या सायकली लागत होत्या. त्याला वाटलं, आत्ता बोलावं, माईक हातात आहे, एका वाक्याचं काम आहे. ओठ हललेसुद्धा.

"तीन वार," तो म्हणाला, आणि पिशवी दामिनीच्या हातात दिली.

घरी जाताना ती गाडीवर मागं बसली, पिशवी मांडीवर. मनीषनगरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती बोलली. आवाज साधाच होता.

"जनाबाईची शिलाई मी वळखत नाही का? त्यायनंच तर मले शिवण शिकवलं."

जितेंद्रनं गाडी बंद केली.

"तुमच्या बुटाले कारखान्याचं काळं लागत होतं. ते लागणं बंद झालं, त्याले अडीच महिने झाले."

"मंग बोलली काहून नाहीस वं?" त्यानं मागं न वळता विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहून राहिली होती. पिशवी फळीवर ठेवली, रोज जेवताना दिसन अशी. नाही बोलले. मंग म्हटलं, चर्चमध्ये ठेवू, देवापुढं तरी बोलन हा माणूस. पगाराचं नावही मीच काढलं, तुम्हाले सोपं जावं म्हणून." मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, सिग्नल केव्हाच सुटला होता. "तुम्ही एक म्हटलं, मी थांबली. दोन म्हटलं, थांबली. अन् तीन म्हणून टाकलं तुम्ही."