पक्क्या दारांची शाळा

ऑस्बर्नबाईंनी दिवे घालवले, दाराचं कुलूप आतून लावलं आणि दारातल्या काचेवर काळा कागद ओढला. मुलं कुणी न सांगता उठली आणि खिडक्यांपासून लांबच्या भिंतीला टेकून फरशीवर बसली. शाळा बघायला आलेली मॅरिएटाही बसली, म्हणजे बाईंनी दंड धरून तिला खाली ओढलं. स्पीकरवर मुख्याध्यापकांचा आवाज पुन्हा आला. दारं बंद, दिवे बंद, कुणीही हलायचं नाही.

आणि डेला नुकतीच बाथरूमला गेली होती.

"माझी मुलगी बाहेर आहे," मॅरिएटा कुजबुजली.

"शू." बाई तिच्या कानाशी लागल्या. "कुणी बंदूक घेऊन शाळेत घुसलं तर काय करायचं, त्याचा बहुतेक सरावच असेल. पण खरं की सराव, ते आम्हालाही सांगत नाहीत हो."

त्या 'बहुतेक'वर मॅरिएटाने आपला सगळा भार टाकला आणि गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली.

त्या डोंगराळ काउंटीत, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात, सरकारी हायस्कुलं दोनच. काउंटीच्या मुख्य गावातलं सेंट्रल आणि खाली दरीतलं नॉब क्रीक. मॅरिएटाचं घर दोन्हींच्या हद्दीवर, त्यामुळे निवड तिच्या हातात होती, आणि तिने वसंतभर दुसरं काही केलं नव्हतं. कुणाचा निकाल किती, किती मुलं मधेच गळतात, कॉलेजात किती जातात, बसला किती वेळ लागतो. सासरे वर्जिल नॉब क्रीकमध्येच शिकलेले. छत गळतं, पण तिथे प्रत्येक पोराच्या बापाचं नाव मास्तरांना ठाऊक असतं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. "खेचर घेताना मीसुद्धा एवढे दात मोजले नव्हते," असं ते तिला जेवताना टोचत.

ती आणखीही काही मोजत होती, पण ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. बाहेरून आत यायला दारं किती, खिडक्या किती खाली, शेरीफची, म्हणजे पोलिसांची, गाडी पोचायला किती वेळ. त्या हिशेबात नॉब क्रीक पार ढेपाळलं होतं. दरीत गाडी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. सेंट्रलला शेरीफचं ऑफिस रस्त्यापलीकडेच होतं. म्हणून तर आज ती डेलाला शाळा दाखवायला घेऊन आली होती.

दार वाजलं.

आधी हलकं, मग दोन्ही तळहातांनी.

"उघडा ना! मी आहे. मम्मी, आत आहेस ना तू?"

मॅरिएटा अर्धवट उठली. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"ऑफिसातलं कुणीतरी असतं. मुद्दाम रडका आवाज काढतात, आपण उघडतो का ते बघायला. गेल्या वेळी शेजारच्या वर्गाने उघडलं. त्या बाईंना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं."

"ती डेला आहे."

"दर वेळी असंच वाटतं. खरंच वाटतं."

मॅरिएटाला काही वाटत नव्हतं, तिला कळलं होतं. आपल्या पोरीचा आवाज कुठल्या आईला कळत नाही? समोर तांबड्या केसांचा एक मुलगा बसला होता. डोळे भरलेले, आणि तो तिच्याकडे बघत सावकाश मान हलवत होता. नको, नको. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला सांगणार होती, की त्या पोरांसाठी आपण बसून राहिलो. ते खोटं होतं. ती स्वतःच्या जिवाला घाबरली होती. बाईंनी मनगट केव्हाच सोडलं होतं, तरी तिचे पाय हलेनात.

"मम्मी?"

मग दार वाजायचं थांबलं. पावलं धावत लांब गेली.

बऱ्याच वेळाने स्पीकर खरखरला. सराव संपला होता, सहकार्याबद्दल मुख्याध्यापक सगळ्यांचे आभारी होते. दिवे लागले. मुलं बाकांवर परतली, आणि मागून कुणीतरी जेवणात पिझ्झा आहे का म्हणून विचारलं. तांबड्या केसांच्या मुलाने बाहीने नाक पुसलं आणि वही उघडली.

"पाहिलंत? या बाबतीत काउंटीत आमचा हात धरणारं कुणी नाही," दार उघडता उघडता ऑस्बर्नबाई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना पॅसेजमधून येणारी डेला दिसली. ती झाडू-फडकी ठेवायच्या कपाटात लपली होती. केसांना जळमटं लागली होती.

"अरे देवा," बाई म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर डेलाने पट्टा लावला.

"मम्मी, हीच शाळा घेऊ या. चांगली आहे."

"डेला, मला तुझा आवाज ओळखू आला होता गं."

"माहितेय."

"मी उठायला हवं होतं."

"काहीतरीच काय! नियमच आहे तो, लहानपणापासून शिकवतात आम्हाला. चुकलं माझंच, मी ठोठावायलाच नको होतं." गणितात हातचा विसरावा, तसं तिने ते सांगितलं. "मी आत असते ना, तर मीपण नसतं उघडलं. कुणालाच."

मॅरिएटाने मान डोलवली. किल्ली भोकात जाईना. डेलानेच तिचा हात धरून ती नीट लावून दिली.

"फक्त एक कर," ती म्हणाली. "कधी खरंच तसं झालं, तर तू येशील. सगळ्या आया येतात. पण आत शिरलीसच, तर माझ्या वर्गाचं दार वाजवू नकोस."

"का गं?"

डेला बाहेर बघू लागली.

"मी उघडेन ना."