रविवारी कण्हणारी विहीर

पाणी म्हणजे जीवन, आणि जीवनापुढे राजे, धर्मगुरू, सरकारं, सगळ्यांनाच मान तुकवावी लागते. आमच्या क्लूनाफिनमध्ये मात्र ते पिण्याआधी उकळावं लागतं.

त्या रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपून सगळं गाव संताच्या विहिरीभोवती जमलं होतं. धुकं इतकं खाली उतरलं होतं की शेजारच्या कबरस्तानातले दगडी क्रूस आमच्याच घोळक्यात येऊन उभे राहिल्यासारखे वाटत होते. कठड्यावर हेझलच्या झाडाची काठी घेऊन मॉसी लॅव्हेल उभा होता. मॉसी हा सातव्या मुलाचा सातवा मुलगा. आयर्लंडमध्ये अशा माणसाच्या हाताला गुण असतो, असं आम्ही मानतो. त्याचा थोरला भाऊ म्हणायचा, आम्ही भावंडं पाचच. पण तो बोस्टनला निघून गेला आणि ती मोजणी तिथेच थांबली.

"ऐका!" विहिरीला जागवायची प्रार्थना पुटपुटून मॉसीने काठी उचलली.

आणि विहीर कण्हली. लांब, खोल, जड गोधडीखाली कुणी झोपेत विव्हळावं तसं. पाणी काळ्या पायरीवरून वरच्या पायरीवर सरकलं. पाऊस तर आठवडाभर नव्हता. बायकांनी क्रूसाची खूण केली. माझाही हात कपाळाकडे गेला, पण कपाळ खाजत असल्याचं दाखवून मी तो खाली आणला.

"तळ्यात बुडालेले बोलतायत," मॉसी डोळे मिटून म्हणाला. "म्हणतात, त्या अर्जावर सह्या करू नका. सरकारी पाइप आला की आम्ही कायमचे मुके होऊ."

"बुडालेल्यांना अर्जाची मुदत माहितीये वाटतं?" मागून ऊना टिअर्नी म्हणाली. ऊना आमची जनावरांची डॉक्टर. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून हवापाण्याच्या गप्पा मारणारी बाई.

"त्यांना सगळं माहीत असतं, डॉक्टर."

"मग जरा अर्ज भरायला मदत करा म्हणावं. आमच्या सचिवांना जमत नाहीये."

पाणी समितीचा सचिव मी. खरंच जमत नव्हतं.

गोष्ट तशी साधी होती. गावाच्या नळाला येतं ते याच विहिरीखालच्या चुनखडीतलं पाणी. वरच्या कुरणातलं शेण पावसाबरोबर दगडांच्या भेगांतून थेट त्यात उतरतं. नोरीन मल्केरिनची चार वर्षांची क्लीना त्या पाण्याने आजारी पडली आणि तिची मूत्रपिंडं बंद पडत आली. डब्लिनच्या हॉस्पिटलातून पोर परत आली ती मेणाच्या बाहुलीसारखी पांढरी होऊन. पुन्हा असं झालं तर वाचवता येईल याची खात्री नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून नोरीन तिचे दात घासायचं पाणीसुद्धा उकळत असे.

शुद्धीकरण केंद्र आणि नव्या पाइपसाठी सरकार अनुदान देत होतं. अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. पाइप जाणार होता डीलिया गेराटीच्या शेतातून. तिची संमती नसेल तर अर्ज म्हणजे नुसती रद्दी. आणि डीलिया सही करेना. तिचा भाऊ टॉमी तरुणपणी तळ्यात बुडाला होता. त्याचं प्रेत सापडलंच नाही. दर रविवारी विहीर कण्हली की तो टॉमीचाच आवाज, असं तिला मॉसीने पटवून दिलं होतं.

"डीलिया, माझ्या पोरीकडे तरी बघा," नोरीन विहिरीपाशीच तिला म्हणाली.

"बघते गं. रोज तिच्यासाठी मेणबत्ती लावते," डीलिया म्हणाली. "पण तू मला माझ्याच भावाचं तोंड दाबायला सांगतेयस."

"पोरगी आजारी पडली ती विहीर रागावली म्हणून!" मॉसी कठड्यावरून गरजला. "कुणी आधी अर्जाची भाषा काढली, आठवा!"

नोरीन त्याच्या अंगावर धावून जाणार होती. आम्ही तिला धरलं. आता वाटतं, सोडायला हवं होतं.

मंगळवारी फिंटन कॉस्टेलोची आई वारली. फिंटन टेकडीमागच्या दगडखाणीचा मुकादम. आमच्याकडे गावात मयत झाली की काम बंद. दुकानाचे पडदे खाली, आणि खाणीतले सगळे गडी कोट घालून शवपेटीला खांदा द्यायला हजर. बुधवारी दुपारी म्हातारीला विहिरीशेजारच्या कबरस्तानात पुरत होते. दोर सैल झाले, पेटी खाली टेकली, पाद्रीबाबांनी मातीची मूठ उचलली.

आणि विहीर कण्हली.

पाद्रीबाबांची मूठ तशीच राहिली. कुणी हललं नाही. धुक्यातून आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा लांब. "म्हातारी त्यांच्यात सामील झाली," कुणीतरी पुटपुटलं. माझ्या पाठीवरून थंडगार काहीतरी सरकत गेलं. तो घाम होता असं मी आजही सांगतो.

डीलिया एकटीच कठड्यापर्यंत गेली, वाकली आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाली, "आज बुधवार आहे रे, टॉमी. आज कसा आलास?"

ऊनाने मान वर केली. "मॉसी कुठाय?"

मॉसी शेजारच्या हॉलमध्ये होता, चहापाण्याची व्यवस्था कशी आहे ते बघायला सगळ्यांच्या आधी गेलेला. त्याला आणलं तेव्हा त्याच्या हातात हॅमचं सँडविच होतं आणि गालात दुसरं.

"प्रार्थना कुणी केली आज?" ऊनाने विचारलं.

"मी... मनातल्या मनात," मॉसी घास गिळत म्हणाला.

"सँडविचला?" खाणीतला एक गडी म्हणाला. मयतीत हसू नये म्हणून चार जण खोकले.

"फिंटन, तुमचा खड्ड्यातलं पाणी उपसायचा पंप आज चालू आहे?"

"छे. आई गेल्यापासून बंद. गावात मयत असताना कोण चालवणार?"

"आणि एरवी बंद कधी असतो?"

"शनिवारी संध्याकाळी बंद. सोमवारी सकाळी..." फिंटन मध्येच थांबला. त्याने विहिरीकडे पाहिलं. मग मॉसीकडे. "मॉसी, माझ्याआधी त्या पंपावर तूच होतास ना रे?"

"संतांची परीक्षा घ्यायची नसते!" मॉसी ओरडला. "विज्ञानाला जे दिसत नाही—"

"संतांची नाही घेत. तुमच्या पंपाची घेते," ऊना म्हणाली. तिने गाडीतून मेंढ्यांवर खूण करायचा निळा रंग आणला आणि पाणी टेकलं होतं तिथे दगडावर रेघ ओढली. मग फिंटनकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, "आजच्या दिवशी मशीन लाव म्हणणं बरं नाही, कळतंय मला."

फिंटनने टोपी काढली, आईच्या उघड्या कबरीकडे पाहिलं. "चालेल तिला. मरेपर्यंत पाणी दोनदा उकळून चहा पीत होती." आणि तो पंप चालू करायला टेकडीमागे निघाला.

आम्ही माती लोटली, चहा घेतला आणि परत आलो. डीलिया मात्र कठड्यावरून उठलीच नव्हती. आवाज थांबला होता. पाणी निळ्या रेघेच्या वीतभर खाली गेलं होतं.

"खाली सगळा पोकळ दगड आहे, आणि पाणी सगळीकडे एकच," ऊना तिच्याशेजारी बसून सांगू लागली. "खाण उपसली की इथलं उतरतं. पंप थांबला की चढतं. चढताना पोकळीतली हवा अरुंद भेगेतून बाहेर ढकलली जाते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी. बाकी दिवशी पंप चालू असतो, आणि शनिवारी रात्री आपण इकडे येतोच कुठे? रविवारी येतो, म्हणून रविवारीच ऐकतो."

डीलियाने वाकून निळ्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाली, "फिंटनला सांगा, आता बंद कर."

निरोप गेला. आम्ही थांबलो. धुकं निळसर होत गेलं, पाणी गुपचूप रेघेकडे चढू लागलं. आणि तो आला. तोच लांब, खोल, ओळखीचा आवाज. कारण माहीत असूनही मला पळून जावंसं वाटलं.

"मी बंद कर म्हटलं, तेव्हा आला," डीलिया सावकाश म्हणाली. "टॉमी कधी कुणाच्या सांगण्यावरून आला नाही हो. जेवायलासुद्धा नाही."

तिने मॉसीकडे पाहिलं. मॉसीने कठड्याला टेकवलेल्या काठीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. तो सटकला, काठी तिथेच राहिली. नोरीनने ती उचलली, गुडघ्यावर मोडली आणि कुंपणापलीकडे फेकून दिली.

ही वेळ वाया घालवणं मला शक्य नव्हतं. मी कठड्यावर चढलो. म्हणालो, "गावकऱ्यांनो! भीती वाटली तर खुशाल वाटू द्या, पण ती वाटून झाल्यावर एक प्रश्न विचारा. हे कधी घडतं, आणि तेव्हा आणखी काय घडत असतं? तो प्रश्न आज डॉक्टरांनी विचारला. आपण वर्षानुवर्षं विचारला नाही, म्हणून एक लेकरू मरता मरता वाचलं. मेलेल्यांची आठवण जरूर ठेवा, पण त्यांच्या नावाने जिवंतांना घाण पाणी पाजू नका! विवेक हाच माणसाचा खरा—"

"झालं का?" डीलियाने विचारलं. तिने माझ्या खिशातून अर्ज काढून घेतला होता आणि तो कधी डोळ्यांजवळ, कधी लांब धरून बघत होती. "मग तुमचा चष्मा द्या जरा. सही कुठे करायची ते दिसत नाहीये."