गवंड्याची दोरी आणि पोटॅशियम

लातूरच्या शिकवणीत रसायनशास्त्राच्या चाचणीत लुंबिनीला वीसपैकी चार गुण पडले, आणि ती दोन दिवसांसाठी मुखेडला घरी आली. मूलद्रव्यांचा तक्ता तिला तोंडपाठ होता. पण ओळीत डावीकडून उजवीकडं जाताना अणू लहान का होतो, हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

आदल्या दिवशीच बाजार होऊन गेला होता. रिकाम्या मैदानावर दुपार नुसती पसरून पडली होती. कडेच्या लिंबाखाली तिचे वडील व्यंकटी जेवून आडवे झाले होते. ते गवंडीकाम करायचे.

"बाबा, तुमची दोरी द्या की. अणू काढायचेत, मोठ्ठे."

व्यंकटी हसले न्हाईत. उठले, पिशवीतून दोरी, खिळा आणि चुन्याची फक्की काढली. "माप सांग."

लुंबिनी वहीतल्या अणूंच्या त्रिज्या मोठ्या करून सांगत गेली. लिथियमला दीड मीटर दोरी. मग बेरिलियम, बोरॉन, कार्बन. व्यंकटी खिळा रोवायचे, दोरी ताणायचे, आणि ती फक्की सोडत गोल फिरायची. फ्लोरिनपाशी दोरी हातभर उरली. खालची ओळ सोडियमपासून धरली, तर दोरी पुन्हा पार लांब.

फिरून फिरून तिला गुंगी आल्यासारखं झालं. काळ्या मातीवर पांढरी वर्तुळं तरंगत होती. एक शेळी मॅग्नेशियममधून चालत सिलिकॉनमध्ये गेली आणि तिथंच बसली.

"माणसं वाढली की घर वाढवावं लागतं," व्यंकटी म्हणाले. "तुझं हे उलटं कसं?"

"कारण मधला ओढणारा बी वाढतो ना," लुंबिनी म्हणाली आणि थबकली. हे तिनं पाठ केलेलं नव्हतं. "इलेक्ट्रॉन वाढतेत, पण त्याच वेढ्यात. अन् मधी प्रोटॉन वाढले की समद्यांना आत ओढून घेतेत. नवी ओळ लागली की वेढाच नवा, लांबचा."

व्यंकटींनी त्याखालच्या ओळीतल्या पोटॅशियमची सव्वादोन मीटर दोरी ताणली आणि टोकाकडून मधल्या खिळ्याकडं बघितलं.

"मग इथला बाहेरचा गडी लवकर सुटून जात असंल. मधल्याची ओढ पोचंना की त्याच्यापोतर."

"हाव बाबा!" ती ओरडलीच. "लई सोप्यानं सुटतो!"

ऊन उतरेपर्यंत दोघं पोटॅशियममध्ये बसून राहिले. व्यंकटी एकेक विचारत होते, ती सांगत होती. कधी अडलं, की दोघं उठून एखादं वर्तुळ पुन्हा दोरीनं मोजायचे.

पुढच्या चाचणीत तिला पंधरा पडले. ते सांगायला तिनं फोन लावला, तर व्यंकटींना आपलीच बातमी द्यायची घाई. बाजार भरला होता. फक्की पुसट झाली होती, तरी माणसं बरोबर एकेका वर्तुळात दुकान मांडून बसली होती. बांगडीवालीनं पोटॅशियम धरलं होतं, आणि फ्लोरिनात एक म्हातारी चार जुड्या कोथिंबीर घेऊन बसली होती.