बिनपाचरीचं विमान

सावरीच्या लाकडाचं ते विमान फुलसिंगनं सुट्टीवर आला तेव्हा कोरलं होतं. हवाई दलात तो काही विमान चालवत नव्हता. डोंगरातल्या फौजेसाठी विमानातून धान्याची पोती खाली लोटायची, हे त्याचं काम. पण तांड्याला कोण समजावणार? तांड्यानं त्याला केव्हाच पायलट करून टाकलं होतं. विमान त्यानं घरात आढ्याला सुतळीनं टांगलं आणि आईला म्हणाला, "याडी, याचं तोंड दाराकडे झालं का समज, मी तिकडून निंगालो." वाऱ्यानं विमान फिरायचं. सुखीबाई चुलीपुढून मान वळवून बघायची.

बासष्टच्या लढाईत फुलसिंगचं विमान हिमालयात गेलं ते परतलंच नाही. पहिल्या तारेत 'बेपत्ता' असा शब्द होता. मेला म्हणत नाही, जिवंत म्हणत नाही, असा सरकारच्या सोयीचा शब्द. सुखीबाईला मात्र तो पुरला. बेपत्ता म्हणजे पत्ता लागायचा आहे, एवढंच. डोंगरात कुठंतरी विमान बसलंय आणि पोरगं आत धान्याच्या पोत्याला टेकून वाट बघतंय, असं तिनं मनाशी पक्कं केलं. वर्षानं दुसरा कागद आला, त्यात 'मृत समजावे' असं होतं. "समजा तुमी," ती म्हणाली, "मी नाई समजत." तिनं पोराचे दिवस करू दिले नाहीत. तिचा नवरा किसनसिंग रानात जाऊन एकटाच रडायचा आणि घरी येऊन बैलांवर खेकसायचा.

मग गावच्या शाळेला हुक्की आली. सव्वीस जानेवारीला फुलसिंगचं विमान शाळेत मांडायचं, खाली नावाची पाटी लावायची, यवतमाळहून साहेब बोलवायचे. किसनसिंगनं बायकोला न विचारताच मान डोलावली, सुतळी कापली आणि विमान घाटंजीला पैकू वाढयाकडे, म्हणजे सुताराकडे, पोचतं केलं. ते उडतंय असं दिसावं, आणि कोणाचा धक्का लागला तरी जागचं हलू नये, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं.

रिकामं आढं बघून सुखीबाईनं विमान कुठं गेलं ते शेजारणीकडून काढून घेतलं. बाजाराच्या दिवशी ती थेट पैकूच्या पडवीत जाऊन बसली.

पैकूचं काम बरंच पुढं गेलं होतं. विमान बोटावर तोलून, ते कुठं समतोल राहतं ते बघून त्यानं पोटाला खूण केली होती आणि तिथं भोक पाडलं होतं. खाली सागाचा जड ठोकळा, त्यात तिरपी खुंटी. खुंटीचं वरचं टोक त्यानं करवतीनं चिरलं होतं आणि त्या चिरेत बोटाच्या पेराएवढी पाचर टेकवली होती.

"हे कायले?" सुखीबाईनं विचारलं.

"हेच तर खरं काम हाय, बाई. वरून विमान ठोकलं का पाचर चिरेत घुसते, खुंटी पोटात फाकते. मंग कोनाच्या बापाले निंगत नाई. काढाचं म्हनलं तर विमानच फोडा लागते."

सुखीबाईनं ती पाचर बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "पैकूभाऊ, पाचर नोका घालू."

"काहून?"

"तो आला का मांगन मले. मंग काय फोडून देऊ त्याच्या हाती?"

पैकूनं आयुष्यात कच्चं काम केलं नव्हतं. त्याच्या हातचे तिफणीचे सांधे नातवंडांच्या काळापर्यंत टिकतील, असं लोक म्हणत. "हलन ते, बाई. पडन एखांद्या वक्ती," तो म्हणाला.

"नाई पडत. कोन हात लावते त्याले?"

पैकूनं बराच वेळ कान खाजवला. मग पाचर काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि विमान नुसतंच खुंटीवर बसवलं. सुखीबाईनं पाचर ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि आल्या पावली परत फिरली.

सव्वीस जानेवारीला शाळेपुढं मांडव होता. टेबलावर विमान नाक वर करून उभं होतं आणि पाटीवर 'शहीद फुलसिंग किसनसिंग राठोड' असं लिहिलं होतं. सुखीबाईला वाचता येत नव्हतं, ते बरंच. भाषणं झाली. ज्यांनी फुलसिंगला कधी पाहिलं नव्हतं ते त्याच्या बाळपणाविषयी बोलले. कौतुक ऐकायला पैकूही आला होता, पण त्याचं लक्ष सगळं खुंटीवर होतं. शेवटी साहेब उठले, झेंडूचा मनगटाएवढा जाड हार घेतला आणि विमानाच्या नाकाला अडकवला.

नाक खाली झुकलं. विमान खुंटीवरून सटकलं आणि हारासकट तोंडावर फरशीवर आपटलं. एक पंख मोडून बाकाखाली गेला.

कोणीतरी "अरे अरे" म्हणालं, तेवढंच. साहेबांचे हात तसेच पुढं राहिले. धरायला वेळच नव्हता. सुखीबाईनं ते पडताना पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. डोंगरातही विमान कुठं बसलं नव्हतं. बसतच नसतं ते असं. नाक आधी येतं, आणि आत कोणी असलं तर त्यालाही धरायला काही मिळत नाही.

तिनं असा हंबरडा फोडला की मांडवातली बारकी पोरं रडायला लागली. किसनसिंग धावला. त्याला वाटलं, ही आता आपल्याला शिव्याशाप देणार. तिनं त्याच्या छातीत डोकं घातलं आणि म्हणाली, "दिवस करा त्याचे. किती दिवस लटकवून ठेवलं मी लेकराले."

माणसं पांगल्यावर पैकू शाळेतून सरस-हातोडी मागून आणून पंख चिकटवत खाली मान घालून बसला होता. सुखीबाई त्याच्यासमोर येऊन टेकली. दातांनी ओढणीची गाठ सोडली आणि पाचर त्याच्यापुढं धरली.

"घाला, भाऊ."

"बाई, मंग ते निंगनार नाई."

"ठाऊक हाय मले."

विमान तिनंच मांडीवर उताणं घेतलं, दोन्ही हातांनी आवळून धरलं. पैकूनं चिरेत पाचर टेकवली, खुंटी पोटात घातली आणि ठोकळ्यावर हातोडी मारली. आत लाकूड फाकलं, ते तिच्या मांडीला कळलं. पैकू थांबला.

"आखीन एक मारा," ती म्हणाली.