अर्धी दारात, अर्धी कामावर

मी एक जुनी खाकी पिशवी आहे. गोव्यात, डिचोलीतल्या एका घराच्या फाटकाला, पोदेराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर मी लटकलेली असते. पोदेर म्हणजे आमच्याकडे सायकलवरून दारोदार पाव विकणारा. सकाळी तो भोंगा वाजवत येतो, माझ्यात गरम उंडे टाकतो आणि पुढच्या घरी जातो. उंडा म्हणजे कडक सालीचा गोल पाव. असा पाव पोटाशी धरून राहण्याचं सुख फार थोड्या पिशव्यांच्या वाट्याला येतं. आणि खरं सांगू का मित्रांनो, मी जन्माने पिशवी नाहीच.

मी जन्मले ती पॅन्ट म्हणून. परशुराम खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. ट्रक गोकुळदासचा आणि त्यावर हात परशुरामचा. त्याची एक खाकी पॅन्ट, म्हणजे माझी थोरली बहीण, सीटवर बसून बसून मागच्या बाजूला विरली होती, म्हणून बाजारातल्या शिंप्याकडून त्याने मला शिवून घेतली. मी थोडेच दिवस ट्रकवर गेले, पण तेवढ्यात खाणीची लाल धूळ माझ्या शिवणींत शिरली ती कायमची. परशुरामची बायको मंजुळा मला धुवायला घ्यायची तेव्हा बादलीतलं पाणी लाल व्हायचं आणि ती कपाळाला हात लावायची.

मग खाणी बंद झाल्या. गोकुळदासचा ट्रक माडाखाली उभा राहिला आणि त्याच्या चाकांभोवती गवत वाढलं. परशुराम कुणाच्या तरी टेम्पोवर माल पोचवायला जाऊ लागला. घरात पैसा बेताचाच येऊ लागला, पण मंजुळाने घर असं सांभाळलं की मला तिचं कौतुक वाटायचं. तांदूळ धुतलेलं पाणी मिरचीच्या रोपांना जायचं. आंघोळीचं पाणी माहेरच्या, पार्से गावातल्या नारळांच्या सोडणांवर, म्हणजे वाळलेल्या सालींवर तापायचं. साबणाची उरलेली चकती नव्या वडीला चिकटायची. शिळे पाव उन्हात वाळवून, कुटून, मासळी तळताना लावले जायचे. त्यांची मुलगी सायली चिडवायची, "आई, आमच्या घरात कचरो तरी जमता काय?" खरंच जमत नव्हता.

काटकसर परशुरामलाही येत होती, पण त्याची सगळी काटकसर माझ्याभोवती. बहिणीला त्याने टेम्पोवर, शेतात, कुठेही वापरली. मला मात्र जपून ठेवलं. अधूनमधून धुवायचा, उन्हाने रंग उडू नये म्हणून उलटी करून वाळत घालायचा आणि तशीच उलटी खुंटीवर टांगायचा. "बोलावणं येतला तेव्हा हीच घालतलंय," असं तो म्हणायचा. मंजुळा ऐकून मान हलवायची. सायली ऐकूनही न ऐकल्यासारखं करायची. पुन्हा ट्रकवर जायचं बोलावणं काही येत नव्हतं. मी त्याच्यासोबत वाट पाहत होते.

अशात एकदा पावाची जुनी पिशवी उंदराने कुरतडली. घरात जुना कपडा असताना नवी पिशवी विकत आणणं मंजुळाला जमणारच नव्हतं. ती खुंटीपाशी आली. बहीण सुलटी टांगलेली होती, त्यामुळे पुढून चांगली दिसत होती. मी उलटी होते. आतली धाग्यांची टोकं बाहेर, खिशांचं अस्तर लोंबतंय, शिवणी लालभडक. ह्या दोघींतली फाटकी कोण, हे तुम्हीही माझ्याकडे बोट दाखवूनच सांगितलं असतं.

कात्री लागली तेव्हा मला फार वाईट वाटलं. एका पायाची ही पिशवी, म्हणजे आताची मी, झाले आणि कमरेच्या पट्ट्याचा माझा बंद झाला. दुसऱ्या पायाची चुलीवरची भांडी उतरवायची फडकी झाली. संध्याकाळी परशुरामने फाटकावर मला पाहिलं, हाताने चाचपलं आणि म्हणाला, "बरी शिवलंस गो. फाटक्या पॅन्टीचा सोना केलंस." मी ती फाटकी नव्हे, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पिशवीला तोंड असतं ते फक्त पाव घ्यायला.

दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला गोकुळदासचा फोन आला. खाणीवर साठवून ठेवलेला माल उचलायचं काम सुरू होणार होतं. सकाळी ड्रायव्हरांनी खाकी कपड्यांत गेटवर हजर राहायचं, जे असतील त्यांनाच गाडी. परशुराम फोन ठेवून कितीतरी वेळ हसत होता. मग खुंटीकडे गेला, पॅन्ट काढली, उजेडात धरली आणि मागच्या विरलेल्या भागातून त्याला पलीकडची भिंत दिसली.

तो तडक फाटकापर्यंत आला, मला उचललं आणि आत नेऊन मंजुळासमोर ठेवलं.

"गो, ही खंयची कापलंस तू?"

मंजुळाने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या पॅन्टकडे. तिचा चेहरा उतरला. "ती उलटी होती," ती म्हणाली. "माका वाटला तीच फाटकी."

"रंग जाता म्हणान उलटी घातलेली मी."

दोघांनी जपायचंच केलं होतं, आणि त्यातच हे झालं होतं. सायलीने जीन्स घालून जायला सुचवलं. "खाकी नाय तर गेटीर आत सोडुचे नाय," परशुराम म्हणाला आणि पायरीवर जाऊन बसला. एवढी वर्षं वाट पाहिलेला माणूस असा बसला की बघवत नाही, मित्रांनो.

मंजुळा उठली. फडक्यांना तेल आणि काजळी लागली होती, त्यांचा उपयोग नव्हता. तिने मला मांडीवर घेतलं, तळाची शिवण उसवली आणि माझा खालचा निम्मा भाग कापून घेतला. ह्या वेळी कात्री लागली तेव्हा मला अजिबात वाईट वाटलं नाही. भात शिजेपर्यंत माझं कापड बहिणीच्या विरलेल्या भागावर बसलं होतं, चारही बाजूंनी दुहेरी टीप घालून. ते ठिगळ नव्या रंगाचं, लांबूनही दिसणारं होतं. परशुरामने पॅन्ट उलटसुलट करून पाहिली.

"हा सगळ्यांक दिसतला गो."

"ड्रायव्हर बसान असता," मंजुळा म्हणाली. "बसलेलो माणूस मागसून कोणाक दिसता?"

पायरीवर बसलेला परशुराम पोट धरून हसला. सकाळी तो आम्हा दोघी बहिणींना एकत्र घालून गेला आणि गाडी घेऊनच परतला.

माझ्या उरलेल्या भागाची मंजुळाने आखूड पिशवी केली. दुसऱ्या दिवशी पोदेर आला, नेहमीचे उंडे टाकू लागला तर शेवटचा बाहेर डोकावू लागला. "वैनी, पिशवी आटली काय?" त्याने विचारलं.

"नाय रे," मंजुळा म्हणाली. "अर्धी कामाक गेली."

आता तिच्या बादलीतलं पाणी पुन्हा लाल होतं आणि ती कपाळाला हात लावत नाही. मित्रांनो, जुनं कापड टाकू नका, त्याच्या पिशव्या शिवा, ठिगळं लावा. फक्त कात्री घेण्याआधी घरात एक हाक मारून विचारा, ही वस्तू कुणी कशासाठी राखून ठेवली आहे का. खुंटीवरच्या सगळ्याच जुन्या वस्तू निकामी झालेल्या नसतात, त्यांतली एखादी कुणाच्या तरी बोलावण्याची वाट पाहत असते.