न हलणारा काटा

लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, पण अण्णाराव अजून तो घडी मोडू नये अशा बेतानं वापरत होते. कलेक्टर कचेरीत कारकून असल्यामुळे जिल्हा आपल्याच टेबलावरून चालतो, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. यंदाचा दुष्काळदेखील त्यांना तालुक्याचा न वाटता जिल्हा पातळीवरचा वाटे.

त्यांच्या तारामतीला बघायला नांदेडहून पाहुणे आले. विष्णुपुरीच्या कॉलेजात विजेचं शिक्षण घेऊन नुकताच नोकरीला लागलेला भुजंग, आणि सोबत त्याचा मामा नरसिंग. जयभीम झाला. अर्धा-अर्धा पेला पाणी झालं, कारण टँकर आला नव्हता. तेवढ्यात दाराआडून तारामती एकदा डोकावली आणि भुजंगचा निर्णय होऊन गेला. राहिला होता अण्णारावांचा. तो अवघड होता, कारण जिल्ह्याविषयी वाकडा शब्द त्यांना खपत नसे. मागच्या एका मुलानं "उस्मानाबाद जिल्ह्यात होतो तेच बरं होतं" एवढंच म्हटलं, तर त्याला चहाच्या आधीच बसस्टँडची वाट दाखवली होती.

भुजंगनं मान खाली घालून बसायचं ठरवलं. पण समोरच्या भिंतीवर नजर गेली आणि वर उचललेली मान तशीच राहिली. भिंतीवर पाण्याच्या मोटारीचा बोर्ड टांगला होता.

"शेतातला हाय," अण्णाराव म्हणाले. "हीर आटली. बोर्ड चोरीला जाईल म्हणून घरी आणला, आन समदं घरच त्याच्यावर जोडून घेतलं. ह्यो व्होल्टचा काटा, ह्यो अँपिअरचा. बघा की, दोनशेतीस! जिल्हा झाल्यापासून हललेला न्हाई."

"कधीच न्हाई?" भुजंगनं विचारलं.

"लाइट गेली तरी दोनशेतीस! हाय का तुमच्या नांदेडात असलं?"

"न्हाई," भुजंग म्हणाला. हे खरं होतं, त्यामुळे त्याला बरं वाटलं.

चहा त्याच बैठकीत, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत, नव्या विजेच्या शेगडीवर व्हायचा होता. आतून तारामतीची आई कोंडाबाई म्हणाल्या, "अवो, चुलीवर ठिवते की."

"चूल तालुक्याला," अण्णाराव म्हणाले. "इंजिनिअर पाहुणं हायती. सांगा बरं, किती वेळात उकळंल?"

शेगडीवर लिहिलं होतं : हजार वॅट, दोनशेतीस व्होल्ट. डोक्यावरचा बल्ब मात्र आपण लागलोय हे कुणाला कळू नये अशा बेतानं जळत होता. भुजंगनं बल्बकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "धा मिनिटं."

दहा मिनिटं झाली. चहाचा पत्ता नव्हता. नरसिंगमामांनी पावसाचा विषय काढला आणि संपवला. मग अर्धापूरच्या केळीचा काढला, तोही पाण्यापाशी येऊन संपला. चहापत्ती पातेल्यात निवांत तरंगत होती. चहा झाल्याशिवाय लग्नाचं बोलणं काढायचं नाही, अशी रीत. त्यामुळे सगळेजण पातेल्याकडे बघत बसले, जणू बघायची मुलगी तेच होतं.

"दूध थंड आसंल," अण्णाराव म्हणाले.

"आसंल," भुजंग म्हणाला.

तेवढ्यात तारामती बाहेर आली. ती बीएस्सीला होती, आणि तिला वाट बघण्याचा कंटाळा होता.

"पोरीला इचारतेत, आज मी इचारते," ती म्हणाली. "बोर्डावरचे काटे बघा. ह्या शेगडीच्या कॉइलचा रेझिस्टन्स किती?"

अँपिअरचा काटा जेमतेम दोनवर होता. भुजंगनं मनात गणित मांडलं. दोनशेतीस भागिले दोन, एकशेपंधरा ओहम. पण शेगडीवर लिहिलेलं खरं असेल तर दोनशेतीसचा वर्ग भागिले हजार, त्रेपन्नच्या आसपास. कॉइल एकच आणि उत्तरं दोन. एकशेपंधरा म्हणावं तर आयुष्यभर ही पोरगी हसणार. त्रेपन्न म्हणावं तर काटा खोटा ठरून जिल्हा जाणार, आणि जिल्ह्याबरोबर सासरा.

"काय झालं?" अण्णाराव म्हणाले. "दोनशेतीस तर समोर दिसायलंय."

"त्रेपन्न," भुजंग म्हणाला.

नरसिंगमामांनी चपला कुठे काढल्यात ते बघून घेतलं.

"त्रेपन्न ओहम, आन करंट दोन. म्हंजे व्होल्टेज एकशेसहाच्या पुढं न्हाई. एकशेसहा गुणिले दोन, दोनशेबारा वॅट. काका, हजाराची शेगडी दोनशेवर चालायलीय. काटा अडकलाय."

अण्णाराव उठले. बोर्डापुढे उभे राहिले. बोट वाकवून काचेवर एकच टिचकी मारली. काटा थरथरला आणि खाली घसरत घसरत एकशेपाचच्या पुढे येऊन उभा राहिला. अण्णाराव त्याच्याकडे, घरातलं माणूस विरोधी पक्षात गेल्यासारखं, बघत राहिले.

"चार वर्षं," ते म्हणाले.

कोंडाबाईंनी पातेलं उचलून आत नेलं आणि थोड्याच वेळात चहा आला. वाफाळता. अण्णारावांनी बशीत ओतला, फुंकला, सगळा प्यायला, आणि मग मामांना म्हणाले, "लगीन नांदेडला करू. पाणी तुमचं, लाइट तुमची. पोरगी तेवढी आमची."

"आमच्याकडं बी एकशेवीसच ऱ्हातंय," नरसिंगमामा म्हणाले.

"मग तर झालंच," अण्णाराव पहिल्यांदाच हसले. "जिल्हे सारखेच की."

"बाबा, मी हो म्हणले का?" तारामती म्हणाली. ती भुजंगकडे वळली. "काटा अडकलाय हे तुमाला कवा कळलं?"

"आल्या आल्या."

"मग एवढा येळ गप कशाला बसलात?"

भुजंगनं एकदा अण्णारावांकडे पाहिलं. "काकांनी हाकलून दिलं असतं. आन तुमी दाराआडून दिसल्या होत्या."

तारामतीनं हसू ओठांत दाबलं. ते पुरतं दाबलं गेलं नाही. रिकामे कप गोळा करत ती आत गेली आणि आतूनच म्हणाली, "बाबा, मामांना तारीख इचारा."